चेंडूपासून सुरुवात: ब्लेंडरच्या ग्राफ एडिटरमध्ये हालचाल घडवताना

ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कीफ्रेम, म्हणजे ठरावीक फ्रेमला वस्तू कुठे हवी त्याची नोंद, टाकायला शिकणं फार अवघड नाही. वस्तू इथे ठेवली, कीफ्रेम टाकली. तिथे सरकवली, दुसरी टाकली. स्पेसबार दाबला की वस्तू हलायला लागते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. चेंडू जमिनीला टेकण्याआधीच मंदावतो, पात्राचा हात तरंगत जातो, मान वळते पण तिला वजनच नसतं. अशा वेळी नवशिक्याचा हात आपोआप आणखी एक कीफ्रेम टाकायला जातो, मग आणखी एक. दर तीन फ्रेमला कीफ्रेम झाली की तरंगणं थांबतं खरं, पण हालचाल थरथरायला लागते. त्या गर्दीतून ती पुन्हा सुधारायची म्हणजे बहुतेकदा सगळं पुसून नव्याने करावं लागतं.

माझं ठाम मत आहे की कीफ्रेम कमीत कमी ठेवाव्यात आणि सगळी मेहनत त्यांच्या मधल्या कर्व्हवर घ्यावी. वस्तू कुठे आहे हे कीफ्रेम सांगते. तिथवर ती कशी पोचली हे कर्व्ह सांगतो. ग्राफ एडिटर त्यासाठीच आहे. या लेखात आपण एक चेंडू उसळवू आणि तो थांबेपर्यंत त्याच्यासोबत राहू. चेंडूच का? कारण त्याच्या बाबतीत बरोबर काय हे भौतिकशास्त्र आकड्यांत सांगतं. डोळा तयार होईपर्यंत त्या आकड्यांचा आधार घेता येतो.

आधी आलेख वाचायला शिका

महाराष्ट्रात शिकलेल्यांना नववीच्या विज्ञानातला अंतर-काल आलेख आठवत असेल. ग्राफ एडिटर म्हणजे तोच आलेख. आडव्या अक्षावर फ्रेम, उभ्या अक्षावर त्या गुणधर्माची किंमत. चेंडूची उंची, दाराचा कोन, दिव्याचा प्रखरपणा, ज्याला कीफ्रेम देता येते त्याचा कर्व्ह इथे दिसतो. एक्स अक्षाचा कर्व्ह लाल, वायचा हिरवा, झेडचा निळा.

वाचायच्या खुणा चारच आहेत. कर्व्ह आडवा असेल तर वस्तू स्थिर आहे. सरळ तिरपी रेषा असेल तर वेग एकसारखा आहे, आणि रेषा जितकी उभी तितका वेग जास्त. रेषा वाकत असेल तर वेग बदलतो आहे, म्हणजे कुठलं तरी बल काम करतंय. आणि कर्व्हला टोकदार कोपरा असेल तर तिथे धक्का बसला आहे.

ही चौथी खूण मनात पक्की धरा. कोपरा फक्त धडक, ठोसा, आदळणं, झटका अशाच ठिकाणी हवा. जिथे काहीच आदळत नाही तिथे कर्व्हला बारीकसा कोपरा पडला असेल, तर प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की. उलट जिथे धक्का बसायला हवा तिथे कर्व्ह गोलसर असेल तर तो धक्का लागतच नाही. नवशिक्यांच्या कामातले निम्म्याहून अधिक दोष मला या दोनपैकी एका प्रकारचे वाटतात.

मांडणी

नवी फाइल उघडा आणि सगळ्यात आधी आउटपुटच्या पानावर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ते बघा. ब्लेंडरमध्ये तो मुळात २४ असतो. चित्रपटासाठी २४ ठीक आहे, भारतातल्या टीव्हीसाठी २५ लागतो. काय ते आताच ठरवा, कारण नंतर बदललं तर सगळी वेळेची गणितं बदलतात. इथले सगळे आकडे २४ चे आहेत.

आता एक यूव्ही स्फिअर (गोळा) घ्या, त्रिज्या ०.११ मीटर, म्हणजे साधारण फुटबॉलएवढा. तो झेड (उभ्या) अक्षावर ०.११ उंचीवर ठेवा म्हणजे बरोबर जमिनीला टेकेल. मग जगाच्या केंद्रबिंदूवर, म्हणजे चेंडूच्या तळाशी, एक एम्प्टी (शेवटच्या चित्रात न दिसणारी रिकामी वस्तू) ठेवा. आधी चेंडू निवडा, मग शिफ्ट धरून एम्प्टी निवडा, कंट्रोल-पी दाबा आणि 'ऑब्जेक्ट' निवडा. चेंडू एम्प्टीला जोडला गेला.

एवढी खटपट का? सरकणं, उसळणं आणि चपटं होणं हे सगळं एम्प्टी करील. गोल फिरणं तेवढं चेंडू स्वतः करील. दोन्ही कामं एकाच वस्तूवर टाकली तर चेंडू फिरता फिरता आडवा असताना त्याचं चपटेपण आडवं होतं, आणि ते कितीही कर्व्ह सुधारले तरी निस्तरत नाही. शिवाय एम्प्टी तळाशी असल्यामुळे तिची झेड किंमत शून्य म्हणजे चेंडू जमिनीवर, इतका सोपा हिशोब होतो.

उंचीच्या कीफ्रेम

चेंडू १.२२५ मीटरवरून सोडायचा. हा आकडा मुद्दाम निवडलाय: गुरुत्वत्वरण ९.८ धरलं तर एवढ्या उंचीवरून खाली यायला बरोबर अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम लागतात.

दर उसळीला चेंडू किती उंची गमावतो ते चेंडूवर अवलंबून असतं. टेनिसच्या अधिकृत चेंडूचा नियम असा की २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर त्याने १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळी घ्यावी, म्हणजे ५५ टक्क्यांच्या आसपास. आपणही तसंच धरू. उंची साधारण ५६ टक्के राहिली तर वेग आणि वर चढायला लागणारा वेळ पाऊणपट होतो. त्यामुळे चढायच्या फ्रेमची ओळ अशी बनते: १२, ९, ७, ५, ४, ३, २. उंची काढायला सूत्र सोपं आहे: फ्रेमच्या संख्येला २४ ने भागा, वर्ग करा, ४.९ ने गुणा.

पहिल्या फ्रेमवर एम्प्टीची उंची १.२२५. फ्रेम १३ ला जमिनीवर, म्हणजे शून्य. मग फ्रेम २२ ला ०.६८९ आणि ३१ ला शून्य. ३८ ला ०.४१७, ४५ ला शून्य. ५० ला ०.२१३, ५५ ला शून्य. ५९ ला ०.१३६, ६३ ला शून्य. ६६ ला ०.०७७, ६९ ला शून्य. ७१ ला ०.०३४ आणि ७३ ला शेवटचं शून्य. तीन सेकंदांत चेंडू शांत होतो.

कीफ्रेम टाकताना एक काळजी घ्या. आय दाबून सरसकट कीफ्रेम टाकली की एक्स, वाय, झेड तिन्हींवर, शिवाय कोन आणि आकारावरही पडू शकते. त्याऐवजी उजव्या बाजूच्या पट्टीत (एन दाबल्यावर उघडते ती) लोकेशनच्या झेड रकान्यावर उजवी क्लिक करा आणि 'इन्सर्ट सिंगल कीफ्रेम' निवडा. फक्त झेडला कीफ्रेम मिळेल. प्रत्येक अक्षाची गोष्ट वेगळी असते. चेंडू जमिनीवर आदळतो तेव्हा उंचीला धक्का बसतो, आडव्या प्रवासाला जवळपास काहीच होत नाही. मग दोन्हींना एकाच फ्रेमवर कीफ्रेम कशाला?

आता कर्व्ह

एम्प्टी निवडलेली ठेवून एखाद्या खिडकीत ग्राफ एडिटर उघडा. माउस त्यावर नेऊन होम दाबा, सगळा कर्व्ह खिडकीत मावेल. दिसेल ती एक गोलसर लाट: वर गोल, खालीही गोल. आता चालवून बघा. चेंडू जमिनीजवळ येताना मंदावतो, हलकेच टेकतो आणि हलकेच उठतो. आदळतच नाही.

याचं कारण हँडल. ब्लेंडर दोन कीफ्रेमच्या मध्ये बेझिए कर्व्ह काढतो. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतले अभियंता पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या बाह्य आकारासाठी हे कर्व्ह प्रसिद्धीला आणले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो त्याच्या थोडं आधी त्याच गणितापाशी पोचले होते. प्रत्येक कीफ्रेमला डावं-उजवं असं हँडल असतं आणि कर्व्ह त्या हँडलच्या दिशेने निघतो. ब्लेंडर सुरुवातीला 'ऑटो क्लॅम्प्ड' जातीची हँडल देतो. ती उंचवट्यावर आणि खळग्यात आपोआप आडवी होतात. उसळीच्या शिखरावर हे अगदी बरोबर आहे, कारण चेंडू तिथे क्षणभर खरंच थांबतो. जमिनीवर मात्र हेच घातक ठरतं, कारण तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असायला हवा.

म्हणून जमिनीवरच्या सगळ्या कीफ्रेम निवडा: १३, ३१, ४५, ५५, ६३, ६९, ७३. व्ही दाबा, हँडलच्या जातींची यादी येईल, त्यातून 'फ्री' निवडा. आता डावं आणि उजवं हँडल एकमेकांपासून सुटं झालं.

नुसतं 'व्हेक्टर' केलं तरी कोपरा मिळतो, आणि घाईत पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण व्हेक्टर हँडल शेजारच्या कीफ्रेमच्या दिशेने सरळ बघतं, त्यामुळे पडताना शेवटी वेग जितका वाढायला हवा तितका वाढत नाही. पडणाऱ्या वस्तूचा आलेख अन्वस्त (पॅराबोला) असतो, आणि बेझिए कर्व्हने अन्वस्त अगदी अचूक काढता येतो. नियम असा: शिखरावरचं हँडल आडवं, आणि त्याची लांबी त्या टप्प्याच्या फ्रेमच्या एक तृतीयांश. जमिनीवरच्या हँडलची आडवी लांबीही एक तृतीयांश, आणि त्याची उंची शिखराच्या दोन तृतीयांश.

पहिल्या पडण्यासाठी करून बघू. १२ फ्रेमचा एक तृतीयांश ४. पहिल्या कीफ्रेमचं उजवं हँडल फ्रेम ५ वर, किंमत १.२२५. फ्रेम १३ च्या कीफ्रेमचं डावं हँडल फ्रेम ९ वर, किंमत ०.८१७. त्याच कीफ्रेमचं उजवं हँडल ९ फ्रेमच्या चढणीसाठी, म्हणून फ्रेम १६ वर, किंमत ०.४५९. हे आकडे माउसने ओढून जुळवत बसू नका. ग्राफ एडिटरमध्ये एन दाबा, एफ-कर्व्हच्या टॅबमध्ये निवडलेल्या कीफ्रेमच्या दोन्ही हँडलची फ्रेम आणि किंमत थेट लिहिता येते. शिखरावरच्या कीफ्रेमची हँडल 'अलाइन्ड' करा, म्हणजे लांबी बदलता येईल पण दोन्ही बाजू एका रेषेत राहतील.

इथे थोडं थांबून फ्रेम १३ कडे बघा. डावं हँडल ४ फ्रेममध्ये ०.८१७ उतरतं, म्हणजे फ्रेमला ०.२०४. उजवं ३ फ्रेममध्ये ०.४५९ चढतं, म्हणजे फ्रेमला ०.१५३. दुसरं पहिल्याच्या पाऊणपट. चेंडूने धडकेत गमावलेली ऊर्जा तुम्हाला कर्व्हच्या कोपऱ्यात डोळ्यांनी दिसते आहे. उजवं हँडल डाव्यापेक्षा जास्त उभं झालं तर चेंडूला जमिनीने लाथ मारल्यासारखं दिसेल. फारच आडवं झालं तर चेंडू मातीचा वाटेल. पुढच्या सगळ्या उसळ्यांना हाच हिशोब लावा.

एक जवळचा रस्ताही आहे. शिखरांच्या कीफ्रेम निवडून टी दाबा आणि 'क्वाड्रॅटिक' निवडा, मग कंट्रोल-ई दाबून 'ईज इन' निवडा. जमिनीवरच्या कीफ्रेमना क्वाड्रॅटिक आणि 'ईज आउट'. ब्लेंडरमध्ये कीफ्रेमची ही निवड तिच्यापुढच्या टप्प्याला लागू होते, म्हणून शिखराची निवड पडण्याला आणि जमिनीची चढण्याला लागते. अन्वस्त आपोआप मिळतो. पण मग हँडलवरचा ताबा जातो, आणि पुढे पात्रांचं काम करायचं तर हँडलशी मैत्री हवीच. त्याच टीच्या यादीत 'बाउन्स' नावाचा पर्यायही आहे. पडद्यावर उड्या मारत येणाऱ्या एखाद्या अक्षराला तो चालतो. शिकताना तो वापरू नका, त्याने तुम्हाला काहीच कळणार नाही.

ठिपके मोजून खात्री करा

ऑब्जेक्टच्या पानावर 'मोशन पाथ्स' आहे. एम्प्टी निवडून तिथे 'कॅल्क्युलेट' करा. प्रत्येक फ्रेमला चेंडू कुठे असेल त्याचे ठिपके दृश्यात दिसतील. शिखराजवळ ते दाट आणि जमिनीजवळ विरळ हवेत. पहिल्या पडण्याचे तीन-तीन फ्रेमचे चार भाग केले तर त्यांतली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढली पाहिजेत. फ्रेम ४ पर्यंत चेंडू फक्त ७.७ सेंटिमीटर उतरतो आणि शेवटच्या तीन फ्रेममध्ये ५४ सेंटिमीटर. जमिनीजवळ ठिपके दाटलेले दिसले, तर कुठलं तरी हँडल अजून आडवं आहे.

आणखी एक गोष्ट तपासा: जमिनीवरच्या कीफ्रेम पूर्ण फ्रेमवरच आहेत ना? एस दाबून सगळी हालचाल ताणली किंवा आवळली की कीफ्रेम १३.४ अशा अधल्यामधल्या जागी जातात. मग चेंडू जमिनीला टेकल्याची फ्रेम रेंडरमध्ये, म्हणजे शेवटी तयार होणाऱ्या चित्रांत, येतच नाही आणि धडक हरवते. सगळ्या कीफ्रेम निवडून शिफ्ट-एस दाबा आणि जवळच्या फ्रेमवर आणा.

पुढे सरकणं आणि गडगडणं

आडव्या प्रवासाला इतकं सगळं लागत नाही. सेकंदाला एक मीटर वेग धरू. पहिल्या फ्रेमला एक्स शून्य, फ्रेम ७३ ला ३. मधे एकही कीफ्रेम नको. पहिली कीफ्रेम निवडून टी, 'लिनिअर'. हवेत चेंडूला मागे ओढणारं बल नगण्य असतं, म्हणून रेषा सरळ. मोठ्या बारकाव्याने काम करायचं असेल तर प्रत्येक धडकेच्या फ्रेमवर रेषेची चढण किंचित कमी करा, पण शिकताना सरळ रेषा पुरे.

फ्रेम ७३ नंतर चेंडू गडगडत जाऊन थांबतो. तो दीड सेकंदात, म्हणजे फ्रेम १०९ ला थांबवायचा तर एकसारखं मंदावत जाऊन तो ०.७५ मीटर जाईल. म्हणून शेवटची किंमत ३.७५. फ्रेम ७३ चं उजवं हँडल फ्रेम ८५ वर, किंमत ३.५, फ्रेम १०९ चं डावं हँडल फ्रेम ९७ वर, किंमत ३.७५. पुन्हा तोच एक तृतीयांशाचा नियम. फ्रेम ७३ ला येणारी रेषा आणि जाणारं हँडल एका ओळीत आहे ना ते मोठं करून बघा. इथे काही आदळत नाही, तेव्हा कोपरा नको.

फिरण्याची कीफ्रेम चेंडूवर टाकायची, एम्प्टीवर नाही, आणि वाय अक्षाभोवती. ०.११ त्रिज्येच्या चेंडूचा परीघ ०.६९ मीटर, म्हणजे एवढं अंतर गडगडल्यावर एक पूर्ण फेरी. शेवटच्या ०.७५ मीटरला ३९१ अंश. या टप्प्यातला फिरण्याचा कर्व्ह हुबेहूब एक्सच्या कर्व्हसारखा दिसला पाहिजे. नाहीतर चेंडू घसरतोय किंवा जागच्या जागी फिरतोय असं वाटेल. दोन्ही कर्व्ह शेजारी ठेवून तुलना करताना अंश आणि मीटर यांच्या आकड्यांत फार फरक असतो, तेव्हा ग्राफ एडिटरच्या वरच्या पट्टीतलं 'नॉर्मलाइझ' चालू करा. त्याने किंमती बदलत नाहीत, फक्त दाखवताना सगळे एका उंचीत बसवले जातात.

हवेत असताना फिरण्याचा वेग बदलत नाही, तो जमिनीशी घासल्यावरच बदलतो. त्यामुळे उसळ्यांच्या काळात फिरण्याचा कर्व्ह म्हणजे सरळ तुकडे, आणि त्यांचे कोपरे धडकेच्या फ्रेमवर. प्रत्येक धडकेला चढण थोडी वाढवत न्या, फ्रेम ७३ ला ती फ्रेमला २१.७ अंशांपर्यंत पोचली पाहिजे.

चपटं होणं, जपून

खरा चेंडू जमिनीला टेकून काही मिलिसेकंदांत सुटतो. आपली एक फ्रेम ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे खरं चपटेपण आपल्याला जवळपास दिसायलाच नको. तरीही अ‍ॅनिमेटर ते दाखवतात, कारण त्याने चेंडूचा मऊपणा डोळ्यांपर्यंत पोचतो. करायचं तर माफक करा. फ्रेम १३ ला एम्प्टीचा झेड आकार ०.८ केला तर एक्स आणि वाय १.१२ करायचे, म्हणजे चेंडूचं आकारमान तेवढंच राहतं. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमला उलट ताण: झेड १.१५, बाकी दोन ०.९३. शिखरावर सगळे १. पुढच्या प्रत्येक धडकेला चपटेपण कमी होत जायला हवं, चौथ्यानंतर ते नसलं तरी चालेल. सात उसळ्यांना सारखंच चपटेपण दिलेला चेंडू मी बघितला की मला त्या चेंडूची नव्हे, त्या कीफ्रेमचीच आठवण राहते.

पात्रांकडे जाताना

चेंडू जमला की हाच डोळा पात्राच्या कामाला लावायचा. तिथे एक अवघड वळण हमखास येतं. अ‍ॅनिमेटर आधी मुख्य पोझेस ठरवतात आणि तेव्हा टीमधून 'कॉन्स्टंट' निवडतात, म्हणजे पात्र एका पोझमधून दुसऱ्यात थेट उडी मारतं. वेळ नीट जुळते, दिग्दर्शकालाही पसंत पडते. मग सगळ्या कीफ्रेम निवडून 'बेझिए' केलं की कालपर्यंत जोरकस वाटणारा तोच प्रसंग मऊ आणि तरंगता होतो. काय झालं? कॉन्स्टंटमध्ये प्रत्येक पोझ पुढच्या कीफ्रेमपर्यंत टिकत होती. बेझिए झाल्याबरोबर प्रत्येक पोझ पुढच्या पोझकडे निघाली; थांबणं नावाची गोष्टच उरली नाही.

म्हणून रूपांतर करण्याआधी प्रत्येक थांबलेल्या पोझची दुसरी प्रत, हालचाल सुरू व्हायच्या नेमक्या आधी टाका. मान वळण्याचं उदाहरण घ्या. फ्रेम १ ला समोर बघणं, फ्रेम २२ ला डावीकडे ५० अंश. मधे काही नसेल तर मान सगळा वेळ सरकत राहील. फ्रेम १० ला समोरच्या पोझची प्रत टाका, म्हणजे वळणं १२ फ्रेममध्ये होतं. फ्रेम २२ ला ५० ऐवजी ५३ अंश आणि फ्रेम २८ ला ५०: मान किंचित पुढे जाऊन परत स्थिरावते. आता वर-खाली होण्याच्या अक्षावर मधोमध, फ्रेम १६ ला, हनुवटी थोडी खाली. तिथे हँडल आडवं. मान सपाट फिरायची थांबेल आणि कमानीतून जाईल. डोळे मानेच्या दोन-तीन फ्रेम आधी निघू द्या: त्यांच्या कीफ्रेम ग्राफ एडिटरमध्ये निवडून जी दाबायचं, डावीकडे न्यायचं.

थांबलेल्या पोझेसमधला कर्व्ह पूर्ण सपाट ठेवला तर पात्र गोठल्यासारखं दिसतं. दोन प्रतींमध्ये अर्ध्या-एक अंशाचा फरक ठेवा, तेवढ्याने जिवंतपणा राहतो. आणि हँडल 'ऑटोमॅटिक' असतील तर सावध राहा. दोन सारख्या किमतींच्या शेजारी उंच कीफ्रेम असली की या जातीचा कर्व्ह त्या सपाट टप्प्यात आधी खाली बुडी मारतो. जमिनीवर ठेवलेला पाय अर्धा इंच फरशीत शिरतो तो यानेच. 'ऑटो क्लॅम्प्ड' केलं की तो पुन्हा फरशीवर बसतो.

हाडांच्या फिरण्याबद्दल: ब्लेंडर रिगमधल्या (पात्राच्या सांगाड्यातल्या) हाडांना मुळात क्वाटर्निअन, म्हणजे फिरणं चार आकड्यांत लिहिण्याची पद्धत, देतो आणि मग ग्राफ एडिटरमध्ये डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असे चार कर्व्ह दिसतात, ज्यांतला एकही वाचून कळत नाही. मान, डोळे, कोपर अशा हाडांना अ‍ॅनिमेशन सुरू करायच्या आधी ऑयलर (तीन अक्षांभोवतीचे तीन कोन) करून घ्या, कर्व्ह अंशांत वाचता येतील. ऑयलरमध्ये कधीकधी कर्व्ह अचानक १८० वरून उणे १८० वर उडी मारतो आणि हात गर्रकन उलटा फिरतो. ग्राफ एडिटरच्या मेन्यूत त्यासाठी 'डिसकन्टिन्युइटी' फिल्टर आहे. तिन्ही अक्षांचे कर्व्ह निवडून तो चालवा, हाताने एकेक कीफ्रेम हलवू नका.

रोजच्या कामात पंचवीस-तीस कर्व्ह एकावर एक दिसायला लागतात. नको असलेले एचने लपवा, शिफ्ट-एचने निवडलेलेच ठेवा, ऑल्ट-एचने परत आणा. जो कर्व्ह पक्का झाला तो टॅबने कुलूपबंद करा. पंखा, चाक, चालण्याचं एक आवर्तन अशा सतत चालणाऱ्या गोष्टींना शिफ्ट-ई दाबून 'मेक सायक्लिक' करा. मात्र पहिल्या आणि शेवटच्या कीफ्रेमची स्थिती (पंखा-चाकासाठी ० आणि ३६० अंश एकच) आणि हँडलचा उतार जुळायलाच हवा, नाहीतर दर फेरीला गचका बसतो.

माया या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करणार असाल तर कल्पना हीच, नावं वेगळी: हँडलला तिथे टँजंट म्हणतात, सुटं करण्याला ब्रेक, आणि मुळात टँजंटची लांबी बदलता येत नाही, आधी 'वेटेड' करावं लागतं. आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रकारचे आलेख आहेत. व्हॅल्यू ग्राफ आपल्या ओळखीचा. स्पीड ग्राफमध्ये मात्र उभ्या अक्षावर वेगच असतो, म्हणजे जी गोष्ट ब्लेंडरमध्ये चढणीत वाचायची ती तिथे उंचीत वाचायची. पोझिशनचे अक्ष वेगळे न करता हाच चेंडू तिथे उसळवला, तर जमिनीला टेकण्याच्या क्षणी आलेख सर्वांत उंच जातो. शिखरावर तो खाली येतो, पण शून्याला पोचत नाही, कारण चेंडू तेव्हाही सेकंदाला एक मीटर पुढे जातच असतो.